खग्रासचं वेळापत्रक

४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर राजी नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज.

मोठी बातमी आहे. एप्रिलच्या अठरा तारखेला भरदुपारी खग्रास सूर्यग्रहण आहे आणि खग्रासचा पट्टा तुझ्या-माझ्या गावांच्या मधून जातोय. तुझ्याकडे सूर्य थोडा उरणार, माझ्याकडेही थोडा उरणार, पण मध्ये ते टेकडीचं गाव आहे ना, तिथे पुरता झाकणार. लहानपणी गच्चीवर आपण काजळी धरलेल्या काचेतून अर्धामुर्धा पाहिला होता. "एवढंच?" म्हणून मी भोकाड पसरलं होतं. तू म्हणालास, "रडू नको भिंगरे, एकदा तुला पुरता झाकलेला दाखवीन." शब्द दिला आहेस, आता पाळ.

दादा, स्पष्टच लिहिते. तू माझ्या घरी शेवटचा आलास तेव्हा माझी लेक रांगत होती. ती आता नवऱ्याशी भांडते. तिच्या लग्नाला तू आला नाहीस. हे गेले तेव्हाही आला नाहीस. काचेचं दुकान एकटीनं कसं उघडायचं, हे मी तुला पत्रातून विचारलं. दर वेळी तुझं कारण इतकं चोख असतं, की धड रागावताही येत नाही. साऱ्या डेपोच्या गाड्यांची वेळापत्रकं तू घरबसल्या आखतोस आणि स्वतः एकाही गाडीत बसत नाहीस. तेव्हा ऐक. या खेपेला आला नाहीस तर मी पुन्हा बोलावणार नाही. पत्रं लिहीन, तब्येत विचारीन, पण 'ये' हा शब्द त्यांत नसेल.

फोन तू उचलत नाहीस आणि खालच्या बेकरीवाल्या वहिनींना निरोपासाठी किती वेळा जिना चढायला लावायचा? म्हणून हे नेहमीसारखं मिशीवाल्या ड्रायव्हरांच्या हाती देते. तुझे डेपोचे कागद तेच नेतात-आणतात, त्यात हा आणखी एक.

तुझी,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे कंबरेला.

येतो. येतो म्हणजे येतोच. तुझं पत्र सकाळी मिळालं आणि दुपारपर्यंत बेत आखूनसुद्धा टाकला. सोबत तीन पानं जोडली आहेत. पहिल्यावर जाणं, दुसऱ्यावर येणं, तिसऱ्यावर आयत्या वेळी काय काय बिघडू शकतं ते. तिसरं पान दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे.

थोडक्यात असं: तू तुझा टेम्पो घेऊन त्या बाजूनं यायचं, मी इकडून बसनं. टेकडीखालच्या मैदानात पाण्याच्या टाकीपाशी भेटायचं. टाकी एवढ्यासाठी, की ती कुठूनही दिसते आणि तू कुठेही हरवतेस. ढग आले तर पूर्वेकडे सरकायचं, म्हणून टेम्पो उताराकडे तोंड करून लाव. नियम एकच. एक जण पोचला नाही तर दुसऱ्यानं त्याच्यासाठी खोळंबायचं नाही. राहिलेल्या प्रवाशासाठी गाडी थांबवत नाहीत, आणि ही ग्रहणाची गाडी तर कुणाचंच ऐकणार नाही. मी आखलेल्या एकाही फेरीला आजवर जमलं नाही ते ती करणार आहे, वेळेवर येणार आणि वेळेवर जाणार. मला तिचं कौतुक वाटतं, आणि थोडी भीतीही.

गल्लीतल्या दुकानातून चालायचे नवे बूट घेतले आहेत. दाराशीच ठेवलेत.

दादा

११ मार्च

ती. दादा,

नमस्कार, आज थोडी वाकून.

तुझं पहिलं पान वाचलं. दुसरं अर्धं. तिसरं दुकानातल्या जाड काचेखाली ठेवलंय, कागद सपाट तरी होईल. 'वाऱ्यानं टोपी उडाल्यास' असं लिहिताना तुझं तुलाच हसू आलं नाही?

सोबत फडक्यात गुंडाळून काच पाठवतेय. वेल्डिंगवाले वापरतात ती, चौदा नंबरची, सगळ्यांत गडद. सूर्याकडे बघायचं ते हिच्यातूनच. काजळीच्या काचेतून बघून आपले डोळे शाबूत राहिले ते नशीब. कडा मी घासून दिल्यात, बोट कापणार नाही. पुरता झाकला की तेवढ्यापुरती काढायची आणि उजेडाचा ठिपका दिसला की लगेच पुन्हा लावायची.

आणि तो खोळंबायचं नाही वगैरे नियम तुझ्या डेपोत ठेव. मी तुझ्यासाठी खोळंबणारच. इतकी वर्षं दुसरं काय करतेय?

शाळेच्या खिडक्यांचं मोठं काम आलंय. एकोणीसला सकाळी काचा बसवायच्यात, तेव्हा अठराला रात्री मला घरी परतावंच लागेल. बाकी सगळं ठरलं. आता बेताला पुन्हा हात लावू नकोस. काचेवर कटर एकदाच फिरवायचा असतो, त्याच रेघेवर पुन्हा फिरवला की काच भलतीकडेच तडकते.

भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. बेत पुन्हा आखला. रागावू नकोस, कारणं वाच.

त्या मैदानातून बाहेर पडायला रस्ता एकच आहे. हजारो माणसं एकदम परत निघाली तर? जाताना गाडी पुलावर अडकली तर? पुलावर उतरता येत नाही. दाराजवळची जागा न मिळता मधली मिळाली तर? मागून कुणी आलं आणि पुढूनही कुणी असलं, तर माणसानं जायचं कुठे? मी चार वेगवेगळ्या गाड्या लावून पाहिल्या. जी दुपारी बरी वाटते ती संध्याकाळी नको वाटते. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालतो. खालून वहिनींनी विचारलं, वर कपाट हलवताय का म्हणून.

तुझी काच रोज डोळ्याला लावतो. त्यातून सूर्य हिरवट दिसतो, औषधाच्या गोळीएवढा.

एक सुचवतो. इथे माझ्या दारातून अठ्ठ्याण्णव टक्के झाकलेला दिसणार आहे. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? तूच इकडे आलीस तर? खालच्या पायरीवर ऊन छान येतं आणि वहिनी गरम बिस्किटं देतील.

दादा

२० मार्च

दादा,

आलास मूळपदावर!

खिडकीला अठ्ठ्याण्णव टक्के काच बसवून बघ. पाऊस आत यायला दोन टक्के पुष्कळ होतात. मी वाचलंय सगळं. दोन टक्के सूर्य उरला तरी दिवस दिवसच राहतो. अंधार पडत नाही, तारे दिसत नाहीत, काही होत नाही. गच्चीवर झालं तेच होणार, 'एवढंच?'

आणि मी तुझ्याकडे येऊ? मी दरसाल येतेच की. दार वाजवते, तू हसतोस, चहा पितो, संध्याकाळी मी एकटी टेम्पो चालवत परत जाते. तू मला कोपऱ्यापर्यंत सोडायलासुद्धा येत नाहीस. मी टेम्पोच्या आरशात बघते, तू खालच्या दाराच्या आत उभा असतोस.

खरं सांग, तुला माझ्याकडे यायचंच नाही ना? यांच्याशी तुझं कधी पटलं नाही, ते मला माहीत होतं. पण आता तेही नाहीत. मग कशाचा राग धरून बसलायस? मी काय केलंय तुझं?

भिंगरी

२७ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच लिहितेय.

काल मिशीवाले दुकानात आले. मी तुझ्या नावानं शंख करत होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, त्यांना नका बोलू. ते रोज सकाळी थांब्यावर येतात. नवे बूट घालून. मी गाडी लावतो, दार उघडतो. ते एक पाय वर ठेवतात, घामानं निथळतात, आणि म्हणतात, 'पुढच्या गाडीनं येतो.' मी म्हणतो, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

मी त्यांना विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, बूट नवे आहेत, बाकी सगळं जुनंच आहे.

दादा, मला का नाही रे सांगितलंस? मला वाटायचं तुला यायचं नसतं. मला वाटायचं मीच तुला नकोशी झालेय. इतकी वर्षं मी हेच धरून बसले आणि तुला टोचून टोचून लिहीत राहिले. मागच्या पत्रातला शब्दन्‌ शब्द मागे घेते. फार वाईट वाटतंय.

भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरीस,

मिशीवाल्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सांगण्यासारखं त्यात काय होतं? गाडीचं दार बंद होतं आणि छाती अशी धडधडते, की आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. श्वास पुरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, हे घाबरण्याचं दुखणं आहे. गोळ्या देतात. पहिल्यांदा झालं ते तुझ्याकडून परतताना, पुलावर. मग मी पूल टाळला. मग लांबच्या गाड्या, मग डेपोत जाणं, आणि आता गल्लीच्या टोकापर्यंतच जातो. तुझे यजमान गेले तेव्हा मी चांगला कोट घालून थांब्यावर उभा होतो. एकामागून एक गाड्या सोडल्या आणि शेवटची गेल्यावर घरी येऊन तुला कारण लिहिलं. लोक मला विचारतात, अमक्या गावाला वेळेत कसं पोचायचं. मी सांगतो, आणि ते पोचतातसुद्धा.

फोनचं तेच. घंटा वाजली की वाटतं, आता कुणीतरी कुठेतरी बोलावणार.

पण एक डोक्यात पक्कं ठेव. मला यायचं नव्हतं असं एकदाही झालेलं नाही. दर वेळी यायचंच होतं. आत्ता हे लिहितानाही पाय हलतोय.

दादा

२ एप्रिल

ती. दादा,

तुझी तिन्ही पानं आता विसर. उद्या फक्त एक थांबा. मिशीवाल्यांना सांगून ठेवलंय, दाराजवळची जागा, आणि ते दार उघडं ठेवूनच हळूहळू चालवतील. डेपोत कुणी बोललं तर माझं नाव सांगा म्हटलं.

भिंगरी

५ एप्रिल

भिंगरे,

गेलो! एक थांबा. उतरल्यावर तसाच चालत घरी आलो. बुटानं टाच सोलली. टाच सोलल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. वहिनींना दोनदा दाखवली.

दादा

६ एप्रिल

टाचेला पट्टी लाव आणि पुढचा थांबा गाठ. मी इथे दुकानात एकटीच हसतेय. गिऱ्हाईक म्हणालं, आज काच स्वस्त आहे का.

भिंगरी

११ एप्रिल

आज पुलापर्यंत गेलो. पुलावर नाही, पुलापर्यंत. मिशीवाले म्हणाले, आज इतकंच पुरे. पाणी बघितलं. परत आलो.

तुझा बेत अजून तोच ना? टाकीपाशी? आकाश कसं आहे तिकडे? इथे दुपारी ढग येतात आणि माझा जीव खालीवर होतो. आधी वाटायचं येऊ दे ढग, सुटलो. आता ढगांवर चिडतो.

दादा

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,

आज पुलावर गाडी अडकली. पुढे कुणाचा तरी ट्रक बंद पडला होता. मी दार ढकलून उतरलो आणि कठड्याला धरून खाली बसलो. लोक गोळा झाले. कुणी म्हणालं पाणी द्या, कुणी म्हणालं यांना हवा लागू द्या, आणि सगळे तिथेच उभे राहिले. मिशीवाल्यांनी हाताला धरून चालवत आणलं. लहान पोराला आणतात तसं.

माझ्याच्यानं होणार नाही. मी खूप करून पाहिलं, तुला माहीत आहे. तू जा. नियम आठव, खोळंबायचं नाही. टाकीपाशी उभी राहा आणि पुरता झाकलेला सूर्य बघ. शब्द मी दिला होता, पण पाळावा तुलाच लागणार. मी पायरीवरून बघेन.

आणि तुझं ते 'ये'. नाही लिहिलंस तरी चालेल. मी समजून घेईन.

दादा

१७ एप्रिल

ती. दादा,

तुझं पत्र आत्ता संध्याकाळी मिळालं. तुझा नियम गेला खड्ड्यात.

एकटीनं टाकीखाली उभं राहून मी काय करू? कुणाकडे बघून म्हणू, 'बघितलंस?' उद्या पहाटे टेम्पो काढते आणि थेट तुझ्याकडे येते, बाहेरच्या रस्त्यानं, म्हणजे टेकडीची गर्दी लागणार नाही. पायरीवर चटई टाकून ठेव. अठ्ठ्याण्णव तर अठ्ठ्याण्णव. दोघं मिळून बघू आणि दोघं मिळून म्हणू, 'एवढंच?'

रात्री परत फिरेन, शाळेच्या खिडक्या आहेत.

मिशीवाले आत्ता निघतायत, त्यांच्याकडे देते. रात्रीत तुला मिळेल.

भिंगरी

१८ एप्रिल, दुपार, टाकीखालून

भिंगरे,

मी टाकीपाशी आहे. तू कुठे आहेस?

हे मघाशी लिहायला घेतलं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. पण पहिल्यापासून सांगतो.

सकाळी थांब्यावर नुसता उभा होतो, रोजच्यासारखा. ग्रहणासाठी जादा गाड्या सोडल्या होत्या. त्या माझ्या कुठल्याच वेळापत्रकात नव्हत्या. एक आली. ड्रायव्हर तरुण, मला न ओळखणारा. "चढा काका, चढा, मागे लाईन लागलीय," म्हणाला. आणि मी चढलो. बेतच नव्हता, त्यामुळे मोडायलाही काही नव्हतं. पुलावर डोळे मिटले आणि तुझी काच मुठीत धरली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्हीपण घाबरलात का? मला तर कालपासून धडधडतंय. भरदिवसा अंधार म्हणजे काय हो!" मी हो म्हणालो. पूल कधी संपला ते कळलं नाही.

टाकीपाशी माझ्या शेजारी कोट पसरून तुझी जागा धरली. लोक विचारायचे, कुणी आहे का? मी म्हणायचो, आहे, बहीण येतेय. तू ग्रहण चुकवणार नाहीस, एवढी खात्री होती. ऊन फिकं होत गेलं, गार वाटायला लागलं, तरी मी सूर्याकडे कमी आणि रस्त्याकडेच जास्त बघत होतो. आणि मग एकदम, भिंगरे, दिवा मालवावा तसा दिवस गेला. मी काच काढली. वर काळं भोक आणि भोवती पांढरे केस पिंजारल्यासारखा उजेड. पक्षी गप्प. चहूकडे क्षितिजावर संध्याकाळ. साऱ्या मैदानाची छाती धडधडत होती. माणसं ओरडत होती, रडत होती, एक गृहस्थ मटकन खाली बसले. मला वर्षानुवर्षं जे बसच्या दारात होतं ते तिथे सगळ्यांना एकदम होत होतं, आणि कुणालाही पळून जायचं नव्हतं. मलाही नाही. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "भिंगरे, बघ, पुरता झाकला!" शेजारी नुसता कोट होता.

नंतर मिशीवाले सापडले. काल रात्री डेपोनं त्यांना घरी न सोडता परस्पर जादा गाडीवर पाठवलं, त्यामुळे तुझं पाकीट त्यांच्या खिशातच राहिलं होतं. मला बघून त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग पाकीट दिलं. वाचलं. माझ्यासाठी तू हे सोडलंस. रडू आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही.

आता तू तिकडे, मी इकडे. पण तुला रात्री परतायचंच आहे, तूच लिहिलं आहेस. समोर मिशीवाल्यांची गाडी उभी आहे आणि तिची पाटी तुझ्या गावाची आहे. दाराजवळची जागा नाही, मधली आहे. हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही. मीच घेऊन येतो.

दादा

१८ एप्रिल, संध्याकाळ, तुझ्या टेबलावरून

ती. दादा,

सकाळी पोचले तर दाराला कुलूप. वहिनींनी त्यांच्याकडची किल्ली दिली. त्यांनाही काही माहीत नव्हतं. आधी वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं की काय. मग दाराशी बघितलं. बूट नव्हते. मी तिथेच जमिनीवर बसले, आणि हसतेय की रडतेय ते वहिनींना समजेना.

ग्रहण तुझ्या पायरीवरून पाहिलं. अंधार पडला नाही, ऊन नुसतं आजारी झालं. मीच बरोबर होते, दोन टक्के पुष्कळ होतात. पण वहिनींनी बिस्किटांचा भोकाभोकांचा ट्रे उन्हात धरला, तर खाली पायरीभर कोऱ्या कोऱ्या चंद्रकोरी उमटल्या, प्रत्येक भोकाची एक. त्या मोजायला तू हवा होतास. मी मोजल्या नाहीत. सारखा तुझाच विचार येत होता, आत्ता त्याच्यावर अंधार पडला असेल, तो तिथे उभा असेल, आपल्या पायांवर.

तू गर्दीत अडकला असशील म्हणून थांबून राहिले. शाळेला कळवलं, तुमच्या खिडक्यांना आणखी एक दिवस वारा लागू दे.

आत्ता वहिनी धावत जिना चढून आल्या. माझ्या दुकानाशेजारच्या रंगवाल्यांचा फोन होता. म्हणाले, तुमच्या दारात एक गृहस्थ बसलेत, हातात काळी काच आहे, विचारलं तर म्हणतात, 'मी दादा.'

मी आत्ताच निघाले असते, पण परतणाऱ्या गर्दीनं बाहेरचा रस्ताही तुंबलाय. पोलीस फक्त बस सोडतायत, टेम्पो नाही. एक तरुण ड्रायव्हर कोपऱ्यावर माझ्या गावाची गाडी घेऊन उभा आहे, त्याच्या हाती हे देते. माझ्याआधी पोचेल.

इतकी वर्षं मी दाराकडे डोळे लावून बसले, आणि तू आलास त्याच दिवशी मी घरी नव्हते.

किल्ली रंगवाल्यांकडे आहे. आत जा, बूट काढ, टाच बघ. 'ये' लिहायचं आता काही कारण उरलं नाही. फक्त थांब. मी येते.

भिंगरी